कर्टिस हॉक ७५ : बंगळूरमध्ये जुळणी झालेल्या विस्मृत लढाऊ विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती – रचना, पद्धती आणि शैक्षणिक उपयोग

सारांश

दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर, मस्टँग, झीरो या विमानांची नावे सर्वपरिचित आहेत. त्याच काळात अनेक देशांच्या हवाई दलांत वापरले गेलेले आणि १९४२ साली भारतात, बंगळूर येथे, जुळणी होऊन उडालेले कर्टिस हॉक ७५ हे विमान मात्र विस्मृतीत गेले आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारातून स्थापन झालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीशी या विमानाचा थेट संबंध आहे. प्रस्तुत लेखात या विमानाची ओळख, त्याच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीमागील गणित, प्रत्यक्ष घडणीची पद्धती आणि शिरूर, दौंड यांसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयांत अशा उपक्रमाचा होऊ शकणारा उपयोग यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रमाणबद्ध प्रतिकृती, कर्टिस हॉक ७५, हिंदुस्थान एअरक्राफ्ट, वालचंद हिराचंद, आंतरविद्याशाखीय अध्ययन.

१. प्रस्तावना

विमानाची छोटी प्रतिकृती म्हटले की सामान्यतः मुलांचे खेळणे डोळ्यांसमोर येते. वस्तुतः प्रमाणबद्ध प्रतिकृती हे अभ्यासाचे जुने आणि गंभीर साधन आहे. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकन नौदलाने आपल्या देशातील माध्यमिक शाळांना एक आवाहन केले. ५० प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी १०,००० याप्रमाणे पाच लाख लाकडी प्रतिकृती विद्यार्थ्यांनी तयार करून द्याव्यात, असे ते आवाहन होते. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देण्यासाठी या प्रतिकृती हव्या होत्या. त्यासाठी १:७२ हे प्रमाण निश्चित करण्यात आले. या प्रमाणात सहा फूट म्हणजे एक इंच होतो. ३५ फुटांवरून पाहिलेली अशी प्रतिकृती सुमारे २,५२० फुटांवरील, म्हणजे जवळपास पाऊण किलोमीटरवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. ओळखीसाठी केवळ बाह्याकृती महत्त्वाची असल्याने या प्रतिकृती काळ्या रंगात रंगविल्या जात. शाळेच्या सुतारकाम वर्गात घडलेली वस्तू युद्धप्रशिक्षणाचा भाग झाली, ती तिच्या अचूकपणामुळे.

हाच अचूकपणा इतिहासाच्या अभ्यासालाही उपयोगी पडतो. एखादे यंत्र नष्ट झाले, त्याचा कारखाना बदलला, त्यावर काम केलेली पिढी काळाआड गेली, म्हणजे त्याची आठवण छायाचित्रे, आराखडे आणि कागदपत्रे यांतच उरते. हे विखुरलेले पुरावे एका वस्तूत एकत्र आणावयाचे झाल्यास प्रत्येक पुराव्याची छाननी करावीच लागते. लेखात एखादी गोष्ट संदिग्ध ठेवता येते. प्रतिकृतीत विमानाचे नाक आखूड की लांब, हे ठरविल्यावाचून लाकडाला हत्यार लावता येत नाही.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके. घोड नदीकाठचे शिरूर हे पुणे-अहिल्यानगर मार्गावरील गाव, तर भीमेकाठचे दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्याभोवती वसलेल्या या उद्योगनगरीचे नाव परिसरात सर्वांना ठाऊक असते. परंतु ज्यांच्या नावावरून हे गाव ओळखले जाते त्या उद्योजकाने देशातील पहिला विमान कारखाना उभारला, ही गोष्ट त्या मानाने फारच थोड्यांना माहीत असते. म्हणून या परिसरातील महाविद्यालयांनी प्रतिकृतीसाठी विमान निवडावयाचे झाल्यास हॉक ७५ ची निवड सर्वार्थाने उचित ठरते.

२. विमानाची ओळख

कर्टिस-राइट या अमेरिकन कंपनीतील अभियंता डोनोव्हन बर्लिन यांनी हॉक ७५ ची रचना केली. १९३५ साली या विमानाचा पहिला नमुना उडाला. कापड आणि तारांनी बांधलेल्या द्विपंखी विमानांचे युग संपून संपूर्ण धातूच्या, एकपंखी आणि चाके आत ओढून घेणाऱ्या विमानांचे युग सुरू होत असतानाची ही निर्मिती आहे. अमेरिकन लष्कराने पी-३६ या नावाने १९३७ साली अशा २१० विमानांची मागणी नोंदविली. फ्रान्सने हे विमान मोठ्या संख्येने घेतले. ८ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रेंच हॉक विमानांनी दोन जर्मन मेसरश्मिट १०९ विमाने पाडली. पश्चिम आघाडीवरील दोस्त राष्ट्रांच्या अगदी प्रारंभीच्या हवाई यशांत या घटनेची गणना होते.

फ्रान्सच्या पाडावानंतर या विमानाचा प्रवास विलक्षण झाला. फ्रान्सला न पोहोचलेली विमाने ब्रिटनकडे वळविण्यात आली आणि तेथे त्यांना मोहॉक हे नाव मिळाले. जर्मनांच्या हाती पडलेल्या विमानांपैकी काही फिनलंडला गेली आणि सोव्हिएत संघाविरुद्ध लढली. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या वेळी आकाशात झेपावलेल्या मोजक्या अमेरिकन विमानांत पी-३६ होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत विशी फ्रान्सच्या हॉक विमानांनी अमेरिकन विमानांशीच झुंज दिली. एकाच आराखड्याचे विमान युद्धाच्या दोन्ही बाजूंनी लढले. यंत्राला स्वतःचा पक्ष नसतो, हे या विमानाच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य उदाहरणातून होत असेल.

भारताच्या दृष्टीने मोहॉकचे महत्त्व वेगळेच आहे. जपानने ब्रह्मदेश व्यापला तेव्हा ईशान्य भारताच्या संरक्षणासाठी आधुनिक लढाऊ विमानांची तीव्र चणचण होती. युरोपात मागे पडलेली मोहॉक विमाने येथे आघाडीवर आली. ब्रिटिश हवाई दलाच्या पाचव्या आणि १५५ व्या स्क्वाड्रननी ती बंगाल, आसाम आणि ब्रह्मदेश आघाडीवर वापरली. जानेवारी १९४४ पर्यंत त्यांचा येथील वापर चालू राहिला.

याच विमानाच्या धडावर वेगळ्या जातीचे, द्रवशीतित इंजिन बसवून पुढे पी-४० हे प्रसिद्ध विमान तयार झाले. पी-४० ची कीर्ती वाढली आणि त्याचा पूर्वज मागे पडला. हॉक ७५ च्या विस्मृतीचे हे एक प्रमुख कारण आहे.

३. वालचंद हिराचंद आणि बंगळूरचा कारखाना

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूर येथे झाला. रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांपासून त्यांच्या उद्योजकतेचा आरंभ झाला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज १९१९ साली मुंबईहून निघाले, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला भारतीय मालकीच्या नौकानयनाने आव्हान दिले होते. साखर, बांधकाम, जहाजबांधणी आणि मोटारगाडी या क्षेत्रांप्रमाणेच विमाननिर्मितीचाही ध्यास त्यांनी घेतला.

१९३९ साली प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. पॉली यांचा चीनमध्ये विमानांची जुळणी करणारा कारखाना होता. जपानी आक्रमणामुळे तो उद्योग संकटात होता. वालचंद यांना तंत्रज्ञान हवे होते आणि पॉली यांना सुरक्षित भूमी. म्हैसूर संस्थानने या योजनेस जमीन आणि भांडवल यांचे साहाय्य दिले. त्या वेळचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचा त्यात मोठा वाटा होता. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. कंपनीचे अधिकृत भांडवल चार कोटी रुपये होते. मार्च १९४१ मध्ये भारत सरकारही भागीदार झाले.

ऑगस्ट १९४१ मध्ये या कारखान्यातील पहिले विमान, हार्लो पीसी-५ हे प्रशिक्षण विमान, उडाले. त्यानंतर जुलै १९४२ मध्ये हॉक ७५ ए-५ या प्रकारचे लढाऊ विमान आकाशात झेपावले. मूळ योजना चीनसाठी विमाने पुरविण्याची होती. तथापि युद्धाची गरज बदलली. नवी विमाने जुळविण्यापेक्षा आघाडीवरून येणाऱ्या विमानांची दुरुस्ती अधिक निकडीची ठरली. १९४२ सालीच सरकारने कारखान्याचे व्यवस्थापन हाती घेतले आणि वालचंद यांचा त्यातील सहभाग संपुष्टात आला. १९४३ पासून कारखाना मुख्यतः अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीकामात गुंतला. परिणामी हॉक विमाने अगदी मोजकीच तयार झाली.

तरीही हा अल्पकाळ निष्फळ म्हणता येत नाही. कोल्हापूर परिसरात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. ते या कारखान्यात दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली रचना झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. १९६४ साली कंपनीचे रूपांतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडमध्ये झाले. परक्या आराखड्याच्या जुळणीपासून स्वतःच्या आराखड्यापर्यंतच्या या वाटचालीत हॉक ७५ ही आरंभीची पायरी आहे.

४. प्रमाणाचे गणित

प्रतिकृतीचे प्रमाण ठरविणे ही पहिली कृती होय. हॉक ७५ च्या पंखांचा विस्तार ३७ फूट ४ इंच, म्हणजे ११.३८ मीटर, लांबी सुमारे ८.७ मीटर, आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २१.९ चौरस मीटर आहे. भरलेल्या विमानाचे वजन ढोबळमानाने २,६०० किलोग्रॅम धरता येते. यावरून पुढील तक्ता मिळतो.

तक्ता क्र. १ : निरनिराळ्या प्रमाणांतील मापे
१:७२ – पंखविस्तार १५८ मिमी, लांबी १२१ मिमी, पंखांचे क्षेत्रफळ ४२ चौ. सेंमी
१:४८ – पंखविस्तार २३७ मिमी, लांबी १८१ मिमी, पंखांचे क्षेत्रफळ ९५ चौ. सेंमी
१:२४ – पंखविस्तार ४७४ मिमी, लांबी ३६२ मिमी, पंखांचे क्षेत्रफळ ३८० चौ. सेंमी

लांबी प्रमाणाच्या पटीत घटते, क्षेत्रफळ वर्गाच्या पटीत आणि घनफळ घनाच्या पटीत. १:७२ पासून १:२४ कडे जाताना लांबी तिप्पट होते, परंतु पंखाचे क्षेत्रफळ नऊपट आणि लागणारे लाकूड सत्तावीसपट होते. विद्यार्थ्यांना हा वर्ग-घन नियम सूत्ररूपाने पाठ असतो. लाकडाचा ठोकळा विकत आणताना तो प्रथमच उमगतो.

याच नियमातून आणखी एक उद्बोधक निष्कर्ष निघतो. खऱ्या विमानाच्या पंखावर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ११९ किलोग्रॅम भार येतो. १:४८ प्रमाणात सर्व काही, वजनासह, तंतोतंत लहान केले तर विमानाचे वजन अवघे साडेतेवीस ग्रॅम भरेल आणि पंखभार चौरस मीटरमागे अडीच किलोग्रॅमच्या आत येईल, म्हणजे ४८ पटींनी कमी होईल. आकार तोच राहिला तरी भौतिक वर्तन तेच राहत नाही. लहान पंखाभोवतीच्या हवेचा प्रवाहही मोठ्या पंखापेक्षा वेगळा असतो. म्हणून प्रदर्शनाची प्रतिकृती आणि उडणारी प्रतिकृती या दोन स्वतंत्र विद्या आहेत. येथे केवळ पहिलीचा विचार केला आहे.

प्रमाणाचा तिसरा परिणाम सूक्ष्म तपशिलांवर होतो. पाच मिलिमीटर व्यासाचा रिव्हेट १:४८ प्रमाणात ०.१ मिलिमीटर होतो. एक फुटावरून पाहताना मानवी डोळ्याची भेदक्षमता साधारण तेवढीच असते. तेव्हा प्रत्येक रिव्हेट ठळक उमटविणारी प्रतिकृती वरकरणी अधिक तपशीलवार दिसली तरी प्रमाणाच्या दृष्टीने ती असत्य असते. याउलट रंगाचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या विमानावर जवळपास पाच मिलिमीटर जाडीचा ठरेल. काय दाखवावे यापेक्षा काय वगळावे, हे प्रमाण शिकविते.

प्रथम प्रयत्नासाठी १:४८ हे प्रमाण सोयीचे आहे. ते हातात मावते आणि त्यातील चूक डोळ्यांना दिसते. वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत दाखविण्याकरिता मात्र १:२४ अधिक उपयुक्त ठरते.

५. पुराव्याची छाननी : इंजिनाचा प्रश्न

हॉक ७५ ची प्रतिकृती करताना सर्वाधिक संभवणारी चूक इंजिनाच्या बाबतीत होते. अमेरिकन पी-३६ आणि प्रारंभीच्या फ्रेंच विमानांत प्रॅट अँड व्हिटनीचे ट्विन वास्प हे दोन रांगांतील १४ सिलिंडरचे इंजिन होते. त्याचा व्यास सुमारे १.२२ मीटर. मोहॉक-४ आणि हॉक ७५ ए-५ या प्रकारांत राइट कंपनीचे सायक्लोन हे एकाच रांगेतील नऊ सिलिंडरचे इंजिन होते. त्याचा व्यास सुमारे १.४ मीटर. साहजिकच सायक्लोनचे आवरण अधिक रुंद आणि आखूड असते. ट्विन वास्पच्या आवरणामागील हवा नियंत्रित करणाऱ्या झडपाही त्याला नसतात.

१:४८ प्रमाणात दोन्ही इंजिनांच्या व्यासांतील फरक जेमतेम पावणेचार मिलिमीटर भरतो. परंतु विमानाचे नाक हाच त्याचा चेहरा असल्याने हा फरक दुरूनही जाणवतो. अमेरिकन संग्रहालयातील पी-३६ ची छायाचित्रे सहज मिळतात, म्हणून त्यांवरून प्रतिकृती केली आणि तिला ‘बंगळूरचे हॉक’ असे नाव दिले, तर तयार होणारी वस्तू सुबक पण चुकीची असेल.

यावर उपाय म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एक पुरावापत्रक तयार करावे. विमानाचा प्रत्येक भाग एका ओळीत लिहावा. त्यासमोर आधार नोंदवावा : त्याच प्रकाराचे छायाचित्र, त्याच प्रकाराचा आराखडा, सजातीय प्रकारावरून केलेले अनुमान, किंवा केवळ सोय म्हणून घेतलेला निर्णय. शेवटच्या दोन वर्गांतील नोंदी लपवू नयेत. इतिहासलेखनात साधनांची प्रतवारी करण्याची जी शिस्त अपेक्षित असते तीच येथे उपयोगात येते.

६. प्रत्यक्ष घडण

६.१ लाकडाची निवड : परदेशी पुस्तकांत बाल्सा लाकडाचा उल्लेख असतो. ग्रामीण भागात ते सहज मिळत नाही. सावंतवाडीच्या प्रसिद्ध लाकडी खेळण्यांसाठी परंपरेने वापरले जाणारे पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ असून त्यास उत्तम पर्याय ठरते. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. अन्यथा रंग दिल्यानंतर ते तडकते. धडासाठी रेषे नाकापासून शेपटीकडे आणि पंखांसाठी मुळापासून टोकाकडे जाणारे असावेत.

६.२ धड : धड दोन उभ्या अर्ध्या भागांचे करावे. दोन फळ्यांमध्ये जाड कागद ठेवून त्या चिकटवाव्यात. कोरीवकाम झाल्यावर कागदाच्या रेषेवर त्या अलग होतात आणि चालककक्षाची पोकळी आतून कोरता येते. बाजूचा आराखडा प्रथम करवतीने कापावा, नंतर वरचा. त्यामुळे चौकोनी छेदाचे परंतु दोन्ही बाजूंनी अचूक असे धड मिळते. त्यानंतर पटाशी, कानस आणि पॉलिश पेपर या क्रमाने गोलाई आणावी. निरनिराळ्या ठिकाणच्या छेदांचे पुठ्ठ्याचे साचे कापून धडावर वारंवार लावून पाहावेत. केवळ नजरेच्या भरवशावर केलेले धड एका बाजूला फुगीर होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. चालककक्षाच्या मागे दोन्ही बाजूंना धड खोलगट करून तेथे काचा बसविलेल्या आहेत. हे हॉकचे ओळखचिन्ह असून ते आधीच आखून ठेवावे.

६.३ पंख : पंखाचा छेद मुळाशी एनएसीए २२१५ आणि टोकाशी एनएसीए २२०९ या मालिकेतील आहे. शेवटचे दोन अंक जाडीची टक्केवारी सांगतात. मुळाशी पंखाची रुंदी प्रतिकृतीत ५६ मिमी भरली तर तेथील महत्तम जाडी तिच्या १५ टक्के, म्हणजे ८.४ मिमी हवी. टोकाकडे ती रुंदीच्या नऊ टक्क्यांवर येते. सर्वाधिक जाडी पुढच्या कडेपासून सुमारे ३० टक्के अंतरावर असते. दोन्ही पंख धडाला जोडताना ते टोकाकडे किंचित वर उचललेले असतात. या कोनात केवळ एक अंशाची चूक झाली तरी १:४८ प्रमाणात टोक दोन मिलिमीटरने वर किंवा खाली जाते. म्हणून पुठ्ठ्याचा आधार कापून त्यावर पंख टेकवूनच चिकटविणे इष्ट.

६.४ चाके : हॉकची चाके मागे वळत असतानाच स्वतःभोवती नव्वद अंशांत फिरून पंखात आडवी बसत. ही योजना विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्राचा उत्तम पाठ देते. एका पात्यावर टाचणीचा खिळा आणि पुठ्ठ्याची चकती घेऊन ती स्वतंत्रपणे करून दाखविता येईल. मुख्य प्रतिकृती मात्र प्रथम प्रयत्नात चाके मिटलेल्या, उड्डाणाच्या स्थितीत दांडीवर बसवावी.

६.५ काच व पृष्ठभाग : चालककक्षाच्या आवरणासाठी लाकडाचा ठसा करून त्यावर पाण्याच्या पारदर्शक बाटलीचा तुकडा बसवावा आणि गरम हवेने तो आकसू द्यावा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. लाकडाची छिद्रे बुजविण्यासाठी पुट्टीचे पातळ थर, प्रत्येक थरानंतर बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी प्रायमर हा क्रम पाळावा. जोडकामाच्या कोपऱ्यांतील गोलाई एम-सीलने भरता येते.

७. रंग आणि चिन्हे

रंगकामात इतिहासाची परीक्षा होते. भारतातील ब्रिटिश विमानांवर सामान्यतः वरच्या बाजूस गडद हिरवा आणि मातकट तपकिरी असे पट्टे असत. लहान वस्तूवर मूळ रंग लावला तर तो अधिक गडद भासतो, म्हणून त्यात किंचित पांढरा मिसळण्याची पद्धत आहे.

चिन्हांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ब्रिटिश वर्तुळचिन्हाच्या केंद्रात लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल वर्तुळ असल्याने घाईच्या क्षणी आपलाच सैनिक आपल्याच विमानावर गोळी झाडण्याचा धोका होता. त्यामुळे या आघाडीवरील विमानांच्या चिन्हांतून १९४३ मध्ये लाल रंग वगळण्यात आला. प्रतिकृतीवर लाल ठिपका ठेवायचा की नाही, हे ती कोणत्या महिन्यातील विमान दर्शविते यावर अवलंबून राहते. एका ठिपक्याच्या निमित्ताने तारीख, आघाडी आणि आदेश यांचा शोध घ्यावा लागतो.

८. नामफलक : निर्मिती की जुळणी

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर तिच्याखाली काय लिहावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘भारतात बनलेले पहिले लढाऊ विमान’ असे लिहिण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु आराखडा अमेरिकन, इंजिन अमेरिकन, यंत्रसामग्री व बहुतांश साहित्य परदेशातून आलेले, हे विसरता येत नाही. दुसरीकडे, ‘ही तर केवळ जुळणी’ म्हणून तिला नगण्य ठरविणेही अन्यायाचे होईल. ज्या देशात त्यापूर्वी विमान कारखानाच नव्हता तेथे धातूच्या पत्र्यांची जोडणी, इंजिनाची बसवणी आणि उड्डाण-चाचणी यांचे कौशल्य मिळविणाऱ्या कामगारांची पहिली फळी याच कामातून उभी राहिली.

म्हणून ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट, बंगळूर येथे जुळणी झालेले कर्टिस हॉक ७५ ए-५, पहिले उड्डाण जुलै १९४२’ असा नेमका मजकूर योग्य ठरतो. अभिमानासाठी वस्तुस्थिती फुगविण्याची गरज पडत नाही. वालचंद यांच्या कार्याचे मोल त्यांनी काय साधले यात जसे आहे तसेच परकीय सत्तेखाली, महायुद्धाच्या काळात, त्यांनी काय आरंभिले यातही आहे. स्वदेशीचा विचार करताना जुळणी, परवाना-निर्मिती आणि स्वतंत्र रचना या तीन टप्प्यांतील भेद विद्यार्थ्यांना या फलकाच्या निमित्ताने नेमकेपणाने समजावून देता येतो. आजच्या औद्योगिक धोरणावरील चर्चेतही हा भेद वारंवार पुसट होतो.

९. महाविद्यालयीन उपयोग आणि मर्यादा

हा उपक्रम कोणत्याही एका विभागाचा नाही. गणित विभागास प्रमाण व वर्ग-घन नियम, भौतिकशास्त्रास पंखाची रचना, इतिहासास साधनचिकित्सा, वाणिज्य व अर्थशास्त्रास भांडवल उभारणी आणि सरकारी हस्तक्षेप, तर भाषा विभागास तांत्रिक मराठीतील टिपणलेखन असे विषय त्यातून मिळतात. एनसीसीच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृती हा प्रशिक्षणाचा मान्य भाग आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. विद्यार्थ्यांच्या घरांत आणि शेजारात सुतार, वेल्डर, लेथवर काम करणारे कारागीर असतात. त्यांचे हस्तकौशल्य महाविद्यालयात सन्मानाने येण्याची संधी अशा कामातून निर्माण होते. आराखडा वाचणारा विद्यार्थी आणि रेषे ओळखणारा सुतार एका टेबलाशी बसले तर दोघांच्याही ज्ञानात भर पडते.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावयास हवा. लढाऊ विमान हे संहाराचे साधन आहे. त्याची सुबक प्रतिकृती युद्धाचे उदात्तीकरण करील काय? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु हॉक ७५ चा इतिहास नीट मांडला तर तो उदात्तीकरणाच्या विरुद्ध दिशेला नेतो. एकाच यंत्राने मित्र आणि शत्रू दोघांचीही सेवा केली. एक कारखाना चीनच्या मदतीसाठी म्हणून उभा राहिला आणि साम्राज्याच्या गरजेनुसार त्याचे काम बदलले. या गोष्टी प्रतिकृतीबरोबर लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्या वगळून नुसती वस्तू कपाटात ठेवली तर ती शोभेची वस्तू ठरेल.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाने आठवड्यातून एक दुपार दिल्यास एका सत्रात हे काम पूर्ण करण्याचे नियोजन करावे. घाई केल्यास पुरावापत्रक आणि साचे या दोन पायऱ्या प्रथम गळतात. आणि नेमक्या त्याच पायऱ्यांत या उपक्रमाचे शैक्षणिक मूल्य आहे. मूल्यमापनातही रंगाच्या चकाकीपेक्षा पुरावापत्रकाच्या प्रामाणिकपणास अधिक गुण असावेत.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथम, प्रमाणबद्ध प्रतिकृती ही गणित, विज्ञान आणि इतिहास यांना जोडणारी अभ्यासपद्धती आहे. द्वितीय, हॉक ७५ हे विमान जागतिक इतिहासात दुय्यम मानले गेले असले तरी भारतीय विमानउद्योगाच्या आरंभाशी त्याचे नाते आहे आणि म्हणून महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी ते विशेष अर्थपूर्ण आहे. तृतीय, स्थानिक लाकूड, स्थानिक कारागीर आणि साधी हत्यारे यांच्या बळावर हे काम ग्रामीण महाविद्यालयातही शक्य आहे. त्यासाठी महागड्या परदेशी संचाची आवश्यकता नाही. चतुर्थ, प्रतिकृतीचा कस तिच्या देखणेपणात नसून तिच्यातील प्रत्येक निर्णयामागील आधार सांगता येण्यात आहे.

सोलापूरहून पुण्याकडे येणारी रेल्वे दौंडवरूनच जाते. याच टापूतील एका उद्योजकाने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी विमान कारखान्याचा संकल्प केला आणि तो अंशतः सिद्धीस नेला. २३७ मिलिमीटर रुंदीच्या एका लाकडी विमानातून त्या संकल्पाची लांबी-रुंदी, त्याची पूर्ती आणि अपूर्णता ही तिन्ही पुढील पिढीस नेमकेपणाने दाखविता येतील.